न्याहारीची अंडी : सहा पद्धती आणि आचेचे गणित

सकाळी पोदेराच्या सायकलीचा भोंपू ऐकू आला की गोव्यातील अनेक घरांत उंडे आणि पोयी येतात आणि त्यांच्याबरोबर काय करायचे, हा प्रश्न उभा राहतो. शाळेची, कार्यालयाची घाई असताना त्याचे सर्वांत सोपे उत्तर अंडे हेच असते. पाच-दहा मिनिटांत होणारा, स्वस्त आणि पोटभरीचा असा दुसरा प्रथिनयुक्त पदार्थ न्याहारीला सहसा मिळत नाही. मात्र सोपे समजले गेल्यामुळेच अंडे बहुतेक स्वयंपाकघरांत दुर्लक्षिले जाते. उकडलेले अंडे कोरडे आणि उग्र वासाचे होते, ऑम्लेट चिवट होते, भुर्जीला पाणी सुटते. ‘मुलांना अंडे आवडत नाही’ या तक्रारीमागे पुष्कळदा अंड्याचा नव्हे, तर आचेचा दोष असतो. अंडी शिजवण्याच्या प्रमुख पद्धती कोणत्या, त्यांत नेमके काय घडते आणि कोणती पद्धत कोणासाठी योग्य, याची ही माहिती.

आचेवर अंड्याचे काय होते

अंड्यात सुमारे तीन चतुर्थांश पाणी असते. पांढऱ्या भागात जवळजवळ नव्वद टक्के पाणी आणि दहा-अकरा टक्के प्रथिने असतात. स्निग्धांश त्यात नसल्यासारखाच असतो. बलकात निम्मे पाणी, सुमारे एक तृतीयांश स्निग्धांश आणि उरलेली बहुतांश प्रथिने असतात. कच्च्या अंड्यातील प्रथिनांचे रेणू गुंडाळलेल्या दोऱ्याच्या गुंड्यांप्रमाणे पाण्यात सुटे तरंगत असतात. उष्णता मिळाली की या गुंड्या उलगडतात, एकमेकींत गुंततात आणि त्यांचे जाळे तयार होते. त्या जाळ्यात पाणी अडकून राहते तोवर अंडे मऊ आणि रसदार लागते. आच चालूच राहिली तर जाळे आवळत जाते, पाणी बाहेर पिळले जाते आणि अंडे रबरासारखे होते.

हे सारे फार थोड्या अंशांच्या अंतरात घडते. पांढरा भाग ६३ अंश सेल्सिअसच्या आसपास दाट होऊ लागतो आणि ६५ अंशांजवळ मऊसर घट्ट होतो. त्यातील मुख्य प्रथिन मात्र ८० अंशांपर्यंत पोहोचल्यावरच पक्के होते. बलक ६५ अंशांवर दाटू लागतो आणि ७० अंशांच्या सुमारास घट्ट होतो. फेटलेले अंडे ७३ अंशांजवळ थिजते. जपानमध्ये उष्ण झऱ्यांच्या पाण्यात अंडी शिजवण्याची जुनी रीत आहे. त्या अंड्यांत बलक थिजलेला आणि पांढरा भाग मात्र दह्यासारखा सैल असतो. ज्या तापमानाला बलक घट्ट होतो, त्या तापमानाला पांढरा भाग पुरता पक्का होत नाही, हे त्यावरून सहज दिसते.

उकळते पाणी १०० अंशांचे आणि तापलेला तवा त्याहून कितीतरी गरम असतो. म्हणजे घरातील जवळजवळ प्रत्येक पद्धतीत अंड्याला लागते त्याहून अधिक उष्णता दिली जाते. म्हणून अंडी शिजवताना आच किती ठेवायची यापेक्षाही ती केव्हा थांबवायची, याला महत्त्व आहे.

निवड आणि पारख

गोव्यात विकली जाणारी बरीच अंडी घाटापलीकडून येतात. त्यामुळे दुकानातून घरी येईपर्यंत त्यांना काही दिवस झालेले असतात. ताजेपणा ओळखण्याची जुनी घरगुती कसोटी आजही उपयोगी पडते. खोलगट भांड्यात पाणी घेऊन त्यात अंडे सोडावे. ताजे अंडे तळाशी आडवे पडते, काहीसे जुने झालेले अंडे तळाशीच पण उभे राहते आणि फार जुने अंडे वर तरंगते. कवचाला असलेल्या हजारो सूक्ष्म छिद्रांतून आतील ओलावा हळूहळू बाहेर जातो आणि रुंद टोकाकडील हवेची पोकळी मोठी होत जाते, हे त्याचे कारण. तरंगणारे अंडे वापरू नये. प्रत्येक अंडे आधी वेगळ्या वाटीत फोडून पाहिले तर एका खराब अंड्यामुळे बाकीची वाया जात नाहीत.

बाजारात गावठी अंड्यांना अधिक दर मिळतो. परंतु कवचाचा रंग कोंबडीच्या जातीवर आणि बलकाचा रंग प्रामुख्याने तिच्या खाद्यावर अवलंबून असतो. मका किंवा झेंडूच्या पाकळ्यांचा अर्क खाद्यात असला की बलक गडद केशरी दिसतो. तपकिरी कवच किंवा गडद बलक म्हणजे अधिक प्रथिने, असा अर्थ त्यातून काढता येत नाही.

अंडी धुऊन साठवू नयेत. कवचावर एक नैसर्गिक पातळ आवरण असते आणि ते छिद्रांचे संरक्षण करते. धुण्याने ते निघून जाते. कवच मळलेले असेल तर अंडे वापरण्याच्या आधी लगेच धुवावे. एकदा शीतकपाटात ठेवलेली अंडी पुन्हा बाहेर ठेवू नयेत, कारण दमट हवेत त्यांच्यावर पाणी जमते आणि त्याबरोबर जंतूंना आत शिरण्यास वाट मिळते.

पहिली पद्धत : उकडणे

अंडी गार पाण्यात घालून चुलीवर चढवण्याची रीत सर्वत्र आहे. मात्र पाणी उकळल्यावर त्यात झाऱ्याने अलगद अंडी सोडणे अधिक सोयीचे ठरते. वेळ नेमका मोजता येतो आणि कवचही सहज सुटते. खोलीच्या तापमानाची मध्यम आकाराची अंडी असतील तर ६ मिनिटांत पांढरा भाग घट्ट आणि बलक पातळ राहतो. ८ मिनिटांत बलक मऊ, खरवसासारखा होतो. ११ ते १२ मिनिटांत तो पूर्ण घट्ट होतो. अंडी शीतकपाटातून काढलेली असतील तर एक मिनिट वाढवावे. पाणी खळखळू न देता मध्यम आचेवर ठेवावे, म्हणजे अंडी भांड्यावर आपटून फुटत नाहीत.

हे वेळापत्रक समुद्रसपाटीचे आहे. बेळगावसारख्या सुमारे साडेसातशे मीटर उंचीवरील शहरात पाणी साधारण अडीच अंश कमी तापमानालाच उकळते. तेथे तेच अंडे तितकेच शिजायला थोडा अधिक वेळ लागतो.

फार वेळ उकडलेल्या अंड्याच्या बलकाभोवती हिरवट-राखाडी कडे दिसते. पांढऱ्या भागातून निघणारा गंधकयुक्त वायू आणि बलकातील लोह यांच्या संयोगाने ते बनते. ते अपायकारक नसते, परंतु उग्र वास आणि कोरडेपणा त्याच्याच जोडीने येतात. वेळ होताच अंडी गार पाण्यात टाकली की आतील उष्णता निघून जाते आणि हे कडे सहसा पडत नाही.

अगदी ताज्या अंड्याचे कवच सोलताना पांढरा भाग तुटून निघतो, हा अनुभव सर्वांना असतो. ताज्या अंड्याचा पांढरा भाग आतील पातळ पडद्याला घट्ट चिकटतो. दिवस जातात तसा छिद्रांतून कर्बवायू बाहेर पडतो, पांढरा भाग अधिक अल्कधर्मी होतो आणि ही चिकटण निघते. म्हणून उकडण्यासाठी आठवडाभराची अंडी बरी. इडलीपात्रात बारा मिनिटे वाफवलेली अंडीही सहज सोलता येतात आणि त्याला पाणीही थोडेच लागते.

दुसरी पद्धत : हाफ फ्राय

इराणी हॉटेलांपासून रेल्वे स्थानकाबाहेरच्या गाड्यांपर्यंत सर्वत्र मिळणाऱ्या हाफ फ्रायमध्ये पांढरा भाग शिजलेला आणि बलक पातळ अपेक्षित असतो. अडचण अशी की खालचा भाग तव्यावर करपू लागला तरी बलकाभोवतीचा वरचा पांढरा भाग कच्चाच राहतो. त्यावर उपाय वाफेचा. तवा मध्यम तापवून त्यावर चमचाभर तेल किंवा लोणी घालावे, अंडे फोडावे, आच मंद करावी आणि कडा थिजल्या की बाजूला चमचाभर पाणी सोडून झाकण ठेवावे. मिनिटाभरात वरचा भाग वाफेवर शिजतो आणि खालचा करपत नाही. ज्यांना पातळ बलक चालत नाही त्यांच्यासाठी अंडे उलटून आणखी दोन मिनिटे ठेवावे.

लोखंडी वा बिडाच्या तव्यावर अंडे चिकटते, कारण प्रथिने गरम धातूला थेट धरतात. आधी तवा, मग तेल आणि तेल तापल्यावरच अंडे, हा क्रम पाळला की ते सुटे राहते.

तिसरी पद्धत : पोच

कवचाविना पाण्यात शिजवलेले अंडे म्हणजे पोच. तेल मुळीच लागत नाही, हा त्याचा मोठा गुण. पसरट भांड्यात तीन-चार बोटे पाणी गरम करावे. तळाशी बारीक बुडबुडे दिसावेत, पण पाणी उसळू नये. अंडे वाटीत फोडून, वाटी पाण्याच्या पृष्ठभागाशी नेऊन अलगद सोडावे. तीन ते चार मिनिटांत ते झाऱ्याने काढता येते. पाण्यात धागे पसरतात ते अंड्याच्या बाहेरच्या पातळ पांढऱ्या भागाचे असतात. अंडे आधी गाळणीत ओतून तो भाग निथळू दिला की पोच गोल आणि नीटस होतो. पाण्यात चमचाभर व्हिनेगर घातल्यास पांढरा भाग लवकर थिजतो. येथे मात्र अंडे ताजेच हवे, कारण जुन्या अंड्याचा पांढरा भाग सैल होऊन पाण्यात पसरतो.

चौथी पद्धत : ऑम्लेट आणि रॉस ऑम्लेट

मराठी घरांतील ऑम्लेटमध्ये बारीक चिरलेला कांदा, हिरवी मिरची, कोथिंबीर, किंचित हळद आणि कधी टोमॅटो असतो. कांदा जाड चिरला तर ऑम्लेट उलटताना फाटते. टोमॅटोच्या बिया व रस काढून टाकला नाही तर पाणी सुटते. मीठ घालून अंडी दहा-पंधरा मिनिटे ठेवली तर प्रथिनांवर त्याचा परिणाम होऊन शिजताना पाणी कमी सुटते. दोन अंड्यांच्या ऑम्लेटला मध्यम आचेवर एका बाजूने दोन मिनिटे आणि उलटल्यावर जेमतेम अर्धा-एक मिनिट पुरते. वरची बाजू ओलसर चमकत असतानाच ते उलटावे. कोरडी पडेपर्यंत थांबले तर ताटात येईतो ते चिवट झालेले असते.

याच ऑम्लेटला गोव्याने आपले रूप दिले ते रॉस ऑम्लेटमध्ये. पणजी, मडगाव, म्हापसा, फोंडा येथील गाड्यांवर संध्याकाळनंतर मिळणारा हा पदार्थ. कोकणीत रोस म्हणजे रस. कांदा-मिरची-कोथिंबीर घातलेले ऑम्लेट ताटलीत ठेवून त्यावर शागोतीचा गरम रस ओततात, वरून कच्चा कांदा, कोथिंबीर व लिंबू आणि सोबत पाव. भाजलेले खोबरे, खसखस, धणे, सुक्या मिरच्या, मिरी, लवंग, दालचिनी यांचे वाटण हा शागोतीचा प्राण. रस बहुधा कोंबडीचा असतो, तसा चण्याचाही करतात.

रॉस ऑम्लेट गाड्यावर रात्रीचे असले तरी घरात ते सकाळी जमते. रात्रीच्या शागोतीचा रस शीतकपाटात ठेवलेला असेल तर सकाळी तो चांगला उकळून घ्यावा आणि ताज्या ऑम्लेटवर ओतावा. येथे ऑम्लेट थोडे जाडसर आणि पुरते शिजलेले हवे, म्हणजे ते रसात विरघळत नाही. रसात मीठ असतेच, त्यामुळे अंड्यात ते हात राखून घालावे. पोयीचा जाडसर, कोंड्याचा पाव हा रस अधिक चांगला टिपून घेतो.

टोमॅटो ऑम्लेट नावाने महाराष्ट्रात प्रसिद्ध असलेल्या पदार्थात अंडे नसते. बेसनाच्या पिठात टोमॅटो, कांदा, मिरची घालून केलेले ते धिरडे होय. श्रावणात किंवा वाराच्या दिवशी अंडे वर्ज्य असलेल्या घरांत ते ऑम्लेटची जागा घेते.

पाचवी पद्धत : भुर्जी आणि अकुरी

भुर्जीत अंड्यापेक्षा मसाल्याची तयारी महत्त्वाची. कांदा परतून, त्यात टोमॅटो घालून त्याचे पाणी पूर्ण आटेपर्यंत आणि तेल कडेला सुटेपर्यंत थांबावे. हे पाणी शिल्लक राहिले तर भुर्जी पातळ होते आणि ते आटवण्याच्या नादात अंडी कोरडी पडतात. मसाला तयार झाल्यावर आच कमी करून फेटलेली अंडी घालावीत, तळ खरवडत हलवावे आणि भुर्जीत किंचित ओलसरपणा असताना गॅस बंद करावा. तव्याच्या उष्णतेने ती पुढे शिजत राहते.

पारशी स्वयंपाकातील अकुरी ही भुर्जीची मवाळ बहीण. कांदा, आले, हिरवी मिरची, हळद, कोथिंबीर हेच घटक, परंतु अंडी अगदी मंद आचेवर सतत हलवत सायीसारखी मऊ ठेवतात. मुंबईच्या इराणी-पारशी उपाहारगृहांमुळे ती मराठी माणसाच्या ओळखीची झाली. भरुची अकुरीत सुका मेवाही घालतात.

सहावी पद्धत : भाजीवर अंडे

पारशी भाषेत अंड्याला ईडू म्हणतात आणि ‘पेर ईडू’ म्हणजे वर अंडे. टोमॅटो, भेंडी, बटाटा यांची परतलेली भाजी तव्यावर पसरून तिच्यात खळगे करायचे, प्रत्येकात एक अंडे फोडायचे आणि झाकण ठेवून चार-पाच मिनिटे वाफवायचे. गोव्यातील घरात आदल्या दिवशीची तांबडी भाजी किंवा बटाट्याची भाजी उरलेली असेल तर हीच युक्ती लागू पडते. भाजी आधी चांगली गरम करून घ्यावी. चार माणसांची न्याहारी एकाच भांड्यात, एकाच वेळी आणि थोड्या तेलात होते.

कच्चे, अर्धकच्चे आणि पूर्ण शिजलेले

तालमीत किंवा व्यायामशाळेत जाणाऱ्यांना दुधात कच्चे अंडे घालून पिण्याचा सल्ला अजूनही दिला जातो. शास्त्र याच्या उलट सांगते. बेल्जियममधील संशोधकांनी १९९८ साली प्रसिद्ध केलेल्या एका छोट्या अभ्यासात शिजवलेल्या अंड्यातील सुमारे ९१ टक्के प्रथिने पचल्याचे, तर कच्च्या अंड्यातील केवळ ५१ टक्के पचल्याचे आढळले. उष्णतेने उलगडलेली प्रथिने पाचकरसांना सहज तोडता येतात. शिवाय कच्च्या पांढऱ्या भागातील एव्हिडिन हे प्रथिन बायोटिन या जीवनसत्त्वाला बांधून ठेवते. शिजवल्यावर त्याचा हा गुण बहुतांशी नाहीसा होतो. म्हणजे कच्चे अंडे पिणारा अधिक कमावत नाही, जवळजवळ निम्मे गमावतो.

दुसरा प्रश्न साल्मोनेला या जंतूचा. तो कवचावर असू शकतो, तसाच कोंबडीला संसर्ग असल्यास कवच तयार होण्यापूर्वीच अंड्याच्या आतही शिरू शकतो. त्यामुळे अंडे केवळ स्वच्छ धुतल्याने धोका पूर्ण टळत नाही. अंड्याचा पदार्थ आतपर्यंत ७१ अंशांना तापला की तो सुरक्षित मानला जातो. घरात तापमापक नसला तरी खूण सोपी आहे. पांढरा भाग आणि बलक दोन्ही घट्ट असावेत, भुर्जीत द्रव दिसू नये. निरोगी प्रौढांना पातळ बलकाचा धोका कमी असतो. परंतु गरोदर स्त्रिया, लहान मुले, वृद्ध आणि ज्यांची प्रतिकारशक्ती आजाराने किंवा औषधोपचाराने क्षीण झाली आहे, अशांना हाफ फ्राय, पातळ पोच किंवा सैल अकुरी देऊ नये. त्यांच्यात हा संसर्ग गंभीर रूप घेऊ शकतो.

शिजवलेली अंडी दोन तासांहून अधिक काळ बाहेर ठेवू नयेत. उन्हाळ्यात तर ही मर्यादा आणखी कमी धरावी. डब्यात न्यायची असतील तर उकडलेली अंडी न सोलता न्यावीत. शीतकपाटात कवचासह ती आठवडाभर टिकतात.

पोषण आणि प्रमाण

सुमारे ५० ग्रॅम वजनाच्या अंड्यातून ६ ग्रॅम प्रथिने, ५ ग्रॅम स्निग्धांश आणि ७० ते ७५ किलोकॅलरी ऊर्जा मिळते. शरीराला आवश्यक असलेली सर्व अमिनो आम्ले त्यात योग्य प्रमाणात असतात. डाळ-भात किंवा पाव-भाजी यांच्या जोडीला अंडे आले की धान्यातील उणीव भरून निघते. अ, ड आणि बी-१२ ही जीवनसत्त्वे व कोलीन प्रामुख्याने बलकात असतात, म्हणून बलक फेकून केवळ पांढरा भाग खाण्याने कोलेस्टेरॉलबरोबर हे घटकही जातात.

एका अंड्यात साधारण १८५ मिलिग्रॅम कोलेस्टेरॉल असते. अमेरिकेच्या आहारविषयक मार्गदर्शक तत्त्वांत दिवसाला ३०० मिलिग्रॅमची जी मर्यादा पूर्वी होती, ती २०१५च्या आवृत्तीत वगळण्यात आली. बहुतेक निरोगी माणसांना रोज एक अंडे खाण्यास हरकत मानली जात नाही. मधुमेह, हृदयविकार किंवा रक्तातील कोलेस्टेरॉल वाढलेले असल्यास प्रमाण डॉक्टरांना विचारून ठरवावे. पद्धतीने फरक पडतो तो मुख्यतः तेलामुळे. एक चहाचा चमचा तेल ४० ते ४५ किलोकॅलरींची भर घालते. उकडलेल्या किंवा पोच केलेल्या अंड्यात ही भर शून्य, तर सढळ हाताने लोणी घातलेल्या भुर्जीत ती अंड्याच्या स्वतःच्या ऊर्जेहूनही अधिक होऊ शकते.

कोणासाठी कोणती पद्धत

लहान मुलांसाठी ११ मिनिटे उकडून लगेच गार केलेले अंडे किंवा मंद आचेवरचे पातळ ऑम्लेट उत्तम. दोन्ही पूर्ण शिजलेली तरी मऊ असतात. दात कमी असलेल्या वृद्धांना भुर्जी किंवा पूर्ण शिजलेला पोच सोयीचा. गरोदर स्त्रियांनी बलक घट्ट असलेलाच कोणताही प्रकार घ्यावा. वजनाकडे लक्ष देणाऱ्यांसाठी उकडलेले अंडे आणि पोच, व्यायाम करणाऱ्यांसाठी कच्च्याऐवजी कोणतेही शिजवलेले अंडे, तर मोठ्या कुटुंबाच्या घाईच्या सकाळी भाजीवरची अंडी सोयीची ठरतात. रॉस ऑम्लेटसाठी मात्र आदल्या रात्रीच शागोतीचा थोडा रस बाजूला काढून शीतकपाटात ठेवावा लागतो.